गोगलगाय आणि पोटात शेवाळ

शेवाळाशी माझं वैर तसं जुनं. वयाच्या सातव्या वर्षी चाळीतल्या मोरीत मी त्याच्यावरून घसरलो नि पुढचा एक दात तिथंच ठेवून आलो. लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात सासुरवाडीच्या विहिरीपाशी, समस्त मेहुण्यांच्या साक्षीनं, त्याच्यावर साष्टांग नमस्कार घातला. पण ही वैरं घराबाहेरची. तेच शेवाळ एक दिवस घरात येईल, दिवाणखान्यात काचेच्या पेटीत ठाण मांडून बसेल नि मी संध्याकाळचा चहा पिताना माझ्याकडे टक लावून बघत राहील, असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

झालं असं, की आमच्या धाकटीला पाचवीत चांगले मार्क पडले. आमच्या घराण्यात ही काही रोज घडणारी गोष्ट नाही. आनंदाच्या भरात मी तिला म्हणालो, "काय हवं ते माग!" हे वाक्य उच्चारल्यावर पुढं काय होतं, हे दशरथाच्या उदाहरणावरून तरी मला कळायला हवं होतं. तिनं मासे मागितले. दोन फुटी पेटी, चार सोनमासे, हवेचा पंप, रंगीत खडे आणि तोंडातून बुडबुडे सोडणारा एक प्लॅस्टिकचा पाणबुड्या, असा सगळा संसार रिक्षातून घरी आला. दुकानदारानं बिल हातात ठेवलं तेव्हा, वीस वर्षं बँकेत काढलेला माणूस असूनही, ही रक्कम खर्चात दाखवायची की मालमत्तेत, ते मला ठरवता येईना.

"पेटी खिडकीतच ठेवू या. उन्हात मासे कसे सोन्यासारखे चमकतील!" ही सूचना माझी. पुढं जे रामायण घडलं त्यातली कैकेयी मीच, हे आधी कबूल करून टाकतो.

पहिला आठवडा मासे खरोखरच चमकले. दहाव्या दिवशी काचेवर हिरवट झाक आली. पंधराव्या दिवशी पाणी पालकाच्या पातळ भाजीसारखं दिसू लागलं. विसाव्या दिवशी मासे आहेत की गेले, ते बघायला बॅटरी मारावी लागली. येणारे पाहुणे आधी पेटीकडे बघत, मग माझ्याकडे बघत आणि "यंदा लोणचं मोठ्या प्रमाणात घातलेलं दिसतंय" असं म्हणून आमच्या हिच्याकडून चहा घेत.

बँकेत मी ही अडचण फक्त कॅशियरला सांगितली. दुपारच्या डब्यापर्यंत ती सगळ्या शाखेला कळली आणि प्रत्येकानं आपापल्या परीनं सल्ल्याची भर खात्यात टाकली. कुणी म्हणालं, रोज सगळं पाणी बदला. कुणी म्हणालं, खडे उकळा. मी दोन्ही केलं. दर रविवारी मासे बादलीत, पाणी मोरीत, खडे पातेल्यात आणि मी घासणी घेऊन पेटीत डोकं घालून, असा कार्यक्रम चालला. सोमवारी पेटी आरशासारखी दिसे आणि पुढच्या रविवारी पुन्हा लोणचं! खड्यांवर वस्तीला असलेले आणि माशांची घाण जिरवणारे उपकारी जिवाणू मी दर आठवड्याला उकळून मारतो आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बी. कॉम. ला जीवशास्त्र नसतं.

शेवटी शेजारचे निवृत्त हेडमास्तर मदतीला धावून आले. त्यांच्या भावाची नाशिककडे द्राक्षबाग आहे. "मोरचूद टाका," ते म्हणाले. "बुरशी काय नि शेवाळ काय, नुसत्या नावानं पळतं." हेडमास्तरांचं ऐकायचं नाही, असं लहानपणी एकदाच केलं होतं. त्याची आठवण अजून हाताला आहे. मी निळ्या खड्याची पूड करून एक चिमूट पेटीत टाकली.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाणी निवळलेलं होतं. काच लख्ख होती. आणि तीन मासे वर, पोट आकाशाकडे करून तरंगत होते. चौथा कोपऱ्यात धापा टाकत होता. त्याला घाईघाईनं स्वच्छ पाण्याच्या बादलीत हलवलं. धाकटी पेटीसमोर बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "बाबा, काच आता स्वच्छ झाली ना?"

तिला टोमणा मारायचा नव्हता. म्हणून तर तो इतका लागला.

गुन्हा घडून गेल्यावर कायद्याचं पुस्तक उघडायचं ही आपली जुनी रीत. त्या रात्री मी वाचायला लागलो आणि बघतो तर काय, माझ्या आधी अडीचशे वर्षं मोठमोठी माणसं हिरव्या काचेपुढं अशीच डोकं धरून बसलेली होती!

आधी माझ्या मोरचुदाचंच घ्या. १९०४ साली अमेरिकेच्या शेतीखात्यातल्या मूर आणि केलरमन या दोघांनी पाणीपुरवठ्याच्या तलावांतलं शेवाळ मोरचुदानं कसं मारावं, यावर एक पुस्तिकाच काढली होती. म्हणजे हेडमास्तर चुकले नव्हते. फक्त त्या पुस्तिकेत लाखो भाग पाण्याला एक भाग मोरचूद, असा सराफी हिशेब होता. माझ्या पेटीत पाणी साठ लिटर. दहा लाखाला एक हे प्रमाण धरलं, तर मोरचूद साठ मिलिग्रॅम. ते चिमटीत धरायला गेलं तर दोन बोटं एकमेकांना लागतील, मध्ये काही आहे हे कळणारही नाही. दिवसभर दुसऱ्याचे पैसे तीनतीनदा मोजणाऱ्या मी, तीन जीव मात्र न मोजता खर्ची घातले.

मग मी मागं मागं जात राहिलो. सोनमासे मूळचे चीनचे. हजारएक वर्षांपूर्वी, सुंग राजांच्या काळात, तिथल्या लोकांनी ते हौसेनं तळ्यांत जोपासले. पुढं मिंग राजांच्या काळात ते मोठमोठ्या मातीच्या नि चिनीमातीच्या कुंड्यांत आले. आता यात गंमत बघा. तळं काय नि कुंडी काय, मासा बघायचा तो वरून. वरून बघणाऱ्याला कडेचं शेवाळ सलत नाही. उलट हिरव्या पाण्यावर केशरी मासा अधिकच खुलतो. आमचे मॅनेजरसाहेबही आमच्याकडे वरूनच बघतात, म्हणून त्यांच्या रिपोर्टात शाखा नेहमी सोनेरी दिसते. शेवाळ ही कटकट झाली ती माणूस माशाकडे बाजूनं, काचेतून बघायला लागल्यावर.

त्याआधी शेवाळाचं कौतुकच झालं होतं. जोसेफ प्रीस्टली हा इंग्रज पाद्री हवेवर प्रयोग करायचा. १७७१ साली त्यानं बंद भांड्यात मेणबत्ती विझू दिली, त्या हवेत पुदिन्याची एक काडी वाढवली आणि काही दिवसांनी त्याच हवेत मेणबत्ती पुन्हा जळते, हे दाखवलं. (आमच्याकडे पुदिना आणला की ही त्याची चटणी करते. त्यामुळं आमच्या घरात शोध लागत नाहीत.) पुढं १७७८ च्या सुमाराला पाण्याच्या भांड्यांत आपोआप एक हिरवा पदार्थ धरतो नि त्यातून शुद्ध हवेचे बुडबुडे निघतात, असं त्याच्या ध्यानात आलं. हा पदार्थ ना वनस्पती ना प्राणी, असं तो आधी म्हणाला. मग त्याचं मत बदललं. तो हिरवा पदार्थ म्हणजेच आपलं शेवाळ! आणि १७७९ मध्ये यान इंगेनहाउझ या डच डॉक्टरनं हे सिद्ध केलं की हिरवळीची ही हवा शुद्ध करण्याची करामत उन्हातच चालते, अंधारात नाही. म्हणजे माझ्या खिडकीतल्या पेटीचा निकाल १७७९ सालीच लागलेला होता. निकालाची प्रत फक्त माझ्यापर्यंत पोचली नव्हती.

मग काच आली. इंग्लंडात काचेवर जबर कर असे. तो १८४५ साली उठला नि काच स्वस्त झाली. दुसऱ्याच वर्षी, १८४६ मध्ये, लंडनच्या अॅना थिन नावाच्या बाईंनी समुद्रातली जिवंत प्रवाळं घरी आणून पाळली. त्यांचे यजमान वेस्टमिन्स्टर अॅबेतले बडे धर्माधिकारी. आता समुद्राचं पाणी ताजं कसं राखायचं? बाईंनी उपाय काढला. उघड्या खिडकीपाशी उभं राहून ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात नि दुसऱ्यातून पहिल्यात ओतायचं, रोज अर्धा-पाऊण तास. हे काम बाईंनी केलं नाही, हे तुम्ही ओळखलं असेलच. ते त्यांच्या घरच्या मोलकरणीनं केलं. विद्युत पंप निघण्याआधीचा तो पंप. बाईंचं नाव इतिहासात आहे. त्या मोलकरणीचं नाव मी खूप शोधलं, मला सापडलं नाही.

आणि मग मला माझा माणूस भेटला. रॉबर्ट वॉरिंग्टन. लंडनच्या औषधविक्यांच्या संस्थेत हा रसायनज्ञ म्हणून नोकरीला होता. १८४१ साली तिथली केमिकल सोसायटी उभी करण्यात पुढाकार याचाच. १८४९ मध्ये या गृहस्थानं बारा गॅलनांच्या काचपात्रात तळाशी वाळू नि चिखल घातला, दगड ठेवले, व्हॅलिस्नेरिया नावाचं फितीसारख्या लांब पानांचं पाणगवत लावलं आणि दोन छोटे सोनमासे सोडले. हिशेब कागदावर चोख होता. मासे जी हवा टाकतील ती गवत घेईल आणि गवत जी देईल त्यावर मासे जगतील. जमा तितकं नावे! पाणी बदलायचं काम नाही.

पण कागदावर जुळलेला हिशेब प्रत्यक्षात जुळेलच, असं नाही. गवताची जुनी पानं कुजू लागली. त्यांच्यावर पोसून पाण्यात नि काचेवर हिरवं बुळबुळीत शेवाळ धरलं. पाणी गढूळ झालं. साक्षात आमचा दिवाणखाना! आता हा माणूस रसायनज्ञ. त्याच्या हाताशी, कपाटात ओळीनं, नाना तऱ्हेची रसायनं. माझ्याजवळ एक मोरचूद होतं तर मी एवढा पराक्रम केला! वॉरिंग्टननं मात्र एकाही बाटलीचं बूच काढलं नाही. त्यानं असा विचार केला, की तळ्यात हीच पानं कुजतात, हेच शेवाळ धरतं. तरी तळं चालतं. मग तळ्यात असं कोण आहे, जे माझ्या भांड्यात नाही?

तळ्यात गोगलगायी होत्या. त्यानं पाच-सहा आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पानं खाल्ली, काचेवरचं शेवाळ चाटून काढलं आणि थोड्याच दिवसांत पाणी निवळलं. वर त्यांनी जी अंडी घातली नि पिल्लं काढली, ती माशांना खाऊ झाली. १८५० च्या मार्चमध्ये वॉरिंग्टननं हे सगळं केमिकल सोसायटीपुढं मांडलं आणि आज घरोघर जी माशांची पेटी दिसते तिचा पाया घातला गेला. आपल्याकडे "गोगलगाय नि पोटात पाय" म्हणून या जिवाची नाहक बदनामी करून ठेवली आहे. या गोगलगायींच्या पोटात पाय नव्हता. होतं ते शेवाळ. तेही दुसऱ्यांनी केलेलं.

हे वाचलं नि मला आमच्या शाखेतले एक जुने लेजरकीपर आठवले. मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्याकडे अजून मोठमोठी लेजरं होती. एका रात्री अकरा रुपये दहा पैशांचा फरक येत होता. नऊ वाजले, पोटात कावळे ओरडायला लागले. मी म्हटलं, सध्या सस्पेन्स खात्यात टाकू नि घरी जाऊ. ते म्हणाले, "बाळ, फरक दडपायचा नसतो, शोधायचा असतो. दडपलेला फरक व्याजासकट परत येतो." पाऊण तासात त्यांनी तो शोधून काढला. मोरचूद म्हणजे माझं सस्पेन्स खातं होतं. शेवाळ हा पेटीतला गुन्हेगार नव्हताच. ऊन जास्त नि खाणं जास्त, ही जी शिल्लक मी रोज पेटीत टाकत होतो, तिची ती हिरव्या शाईतली नोंद होती. नोंद खोडून शिल्लक थोडीच जाते?

खाण्यावरून आठवलं. मी चौकशी केली तेव्हा कळलं, की माशांना सकाळी ही खायला घालते, दुपारी शाळेतून आल्यावर धाकटी, संध्याकाळी देवापुढं दिवा लावून झाल्यावर आई आणि रात्री "बिचारे उपाशी असतील" म्हणून मी. पंगतीतल्या आग्रहानं माणसं बिघडतात, तिथं मासे किती टिकणार? उरलेलं अन्न तळाशी कुजत होतं नि त्यावर शेवाळाची जेवणावळ उठत होती. शिवाय साठ लिटरांत चार सोनमासे म्हणजे एका खोलीत अख्खं वऱ्हाड.

वॉरिंग्टननंतर इंग्लंडात या पेट्यांची साथच आली. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात माशांचं काचघर उघडलं. १८५४ मध्ये फिलिप गॉस या निसर्गवेड्यानं त्यावर पुस्तक लिहिलं नि 'अॅक्वेरियम' हा शब्द लोकांच्या तोंडी बसवला. मग काय, प्रत्येक दिवाणखान्यात पेटी! पण १८६८ पर्यंत जे. जी. वुड नावाच्या पाद्रीबुवांना लिहावं लागलं, की हे वेड तापासारखं चढलं नि तापासारखंच उतरलं. त्या उतरलेल्या तापात उन्हाच्या खिडकीत पेटी ठेवणारे माझे किती पूर्वज होते, देव जाणे!

हौस उतरते, पण गोगलगायीचं काम कुणीतरी करावंच लागतं. जपानचे ताकाशी अमानो मुळात छायाचित्रकार. त्यांनी १९८० च्या दशकात पाण्याखाली बागा फुलवल्या आणि शेवाळ खायला बोटाच्या पेरांएवढ्या पारदर्शक कोळंब्या कामाला लावल्या. त्या कोळंबीला आज जगभर त्यांचंच नाव आहे. सगळ्यांचंच इतकं नीट जमलं नाही. दक्षिण अमेरिकेतला सकर मासा काच चाटतो म्हणून आपल्याकडे हौसेनं आणला गेला. तो फुटाहून मोठा होतो. पेटीत मावेनासा झाला की दयाळू माणसं त्याला नदीत नाही तर तलावात सोडून येतात. आज कोलकात्याच्या पाणथळींपासून आपल्या उजनीच्या जलाशयापर्यंत तो पसरला आहे आणि त्याच्या काटेरी अंगानं कोळ्यांची जाळी फाटताहेत. पेटीतला फरक नदीच्या खात्यात टाकला की असं होतं.

लहानपणी अण्णांनी मला मरीन ड्राइव्हचं तारापोरवाला मत्स्यालय दाखवलं होतं. १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते उघडलेलं. मी काचेला नाक लावून तासभर मासे बघितले. घरी आल्यावर महिनाभर माशांच्याच गोष्टी. पण इतक्या वर्षांत एकदाही माझ्या मनात आलं नाही, की काच होती म्हणून मासे दिसले, आणि ती काच माझ्या येण्याआधी कुणीतरी पुसलेली होती.

असो. मी पेटीतलं पाणी चारदा बदललं नि खडे फेकून दिले, कारण तांब्याचा अंश राहिला तर गोगलगाय माशाच्याही आधी मरते. पेटी खिडकीतून उचलून आतल्या भिंतीला ठेवली. दिवा दिवसाला सातआठ तास, त्याहून जास्त नाही. खाणं एकदाच, दोन मिनिटांत संपेल एवढं, आणि ते घालण्याचा अधिकार फक्त धाकटीला. वॉरिंग्टनचंच पाणगवत आणलं. त्याच्या मुळांना चिकटून चार बारीक गोगलगायी फुकट आल्या. दुकानदार त्या काढून फेकत होता, मी त्याचा हात धरला. आणि बादलीतला तो एकटा वाचलेला मासा पुन्हा घरी आला.

शेवाळ गेलं का, म्हणाल तर नाही. मागच्या काचेवर आहे. ते मी गोगलगायींसाठी राखून ठेवलंय. समोरची काच दर रविवारी धाकटी माझ्या मुदत संपलेल्या एटीएम कार्डानं खरवडते. पैसे काढण्याच्या कामी ते कार्ड कधी इतकं उपयोगी पडलं नव्हतं. मेलेल्या तीन माशांबद्दल ती आता बोलत नाही, पण पेटीत काही टाकायचं झालं तर आधी विचारते, "बाबा, मोजलंत का?"

परवा सकाळी आम्ही दोघं पेटीपुढं बसलो होतो. एक गोगलगाय काचेवरून सावकाश निघाली होती आणि तिच्या मागं बोटभर रुंदीची स्वच्छ वाट पडत होती. माशाचं नाव धाकटीनं केव्हाच 'राजा' ठेवलं आहे. मी विचारलं, "काय गं, आणि या चौघींची नावं काय ठेवलीस?"

तिनं आश्चर्यानं माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "त्यांना कशाला नाव, बाबा? त्या तर कामाला आहेत!"

मी काही बोललो नाही. डबा उचलला नि बँकेत निघालो.